रिकामा महिना कोणाच्या खात्यावर?

लग्न पहावे करून आणि घर पहावे बांधून, अशी आपल्याकडची जुनी म्हण आहे. तिला आता आणखी एक शेपूट जोडायला हरकत नाही : आणि दूरगावचे घर पहावे भाड्याने देऊन! बांधताना गवंडी, सुतार, नळवाला निदान समोर तरी असतात. भाड्याने दिलेले घर डोळ्यांआड असते, आणि डोळ्यांआडच्या गोष्टीचा घोर जास्त लागतो.

केज तालुक्यातली आपली बरीच कुटुंबे आज या घोरात आहेत. पूर्वी आपल्यापुढे एकच प्रश्न असे, आपल्याला खोली कोण देणार? तो प्रश्न अजून संपलेला नाही. पण त्याच्या शेजारी आता दुसरा प्रश्न येऊन बसला आहे, आपली खोली कोण सांभाळणार? मुलगा भोसरी-चाकणच्या कारखान्यात लागला, ओव्हरटाइम केला, बँकेचे कर्ज काढून एक लहानसा फ्लॅट घेतला. मग काम सुटले किंवा बदली झाली. कोणी महापालिकेच्या सफाई खात्यातून, कोणी पोलीस खात्यातून, कोणी एसटीतून निवृत्त झाले. फंडाच्या पैशातून पिंपरी-चिंचवडकडे नाही तर कल्याण-अंबरनाथकडे जागा घेतली आणि स्वतः म्हाताऱ्या आईसाठी गावाकडे परतले. फ्लॅट तिकडे, मालक इकडे. नळ गळतो म्हणून फोन आला तर इथून जायला एक दिवस, यायला एक दिवस, आणि तिकिटाच्या पैशात दोन नळ बसतात.

वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर अशा माणसाला ‘गुंतवणूकदार’ म्हणतात. शब्द ऐकून आपल्याला हसू येते. पण हिशेबाच्या भाषेत तो खरा आहे. आयुष्याची कमाई एका जागेत घातली आणि तिच्या भाड्यावर म्हातारपण काढायचे ठरवले, तर ती गुंतवणूकच झाली. मोठ्या शेठजीची दहा घरांतली दोन रिकामी राहिली तर त्याला कळतही नाही. आपले एकच असते. ते रिकामे राहिले तर औषधाची चिठ्ठी खिशात राहते.

सांभाळणारा कोण?

दूरच्या घराला सांभाळणारे तीन असतात. पहिला नातेवाईक. तो पैसे घेत नाही, पण त्याला हिशेबही मागता येत नाही. दुसरा दलाल. तो भाडेकरू आणून देतो, दोन्हीकडून दलाली घेतो आणि बाजूला होतो. तिसरी म्हणजे घर सांभाळणारी कंपनी, जिला शहरात प्रॉपर्टी मॅनेजमेंट कंपनी म्हणतात. जाहिरात करणे, भाडेकरू शोधणे, करार करणे, भाडे गोळा करून मालकाच्या खात्यावर टाकणे, दुरुस्ती करून घेणे, भाडेकरू गेल्यावर घर ताब्यात घेणे ही सगळी कामे ती फी घेऊन करते. पुण्या-मुंबईत अशा लहानमोठ्या कंपन्या आहेत आणि परदेशात राहणारे मालक तर त्यांच्यावरच विसंबून असतात.

आम्ही संध्याकाळी लोकांचे अर्ज लिहून देण्याचे, कागद वाचून दाखवण्याचे काम करतो. पूर्वी जातीचे दाखले, निराधारांचे अर्ज, पीककर्जाचे कागद येत. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला या कंपन्यांचे करारही येऊ लागले आहेत. बहुतेक करार इंग्रजीत, बारीक अक्षरांत, आणि सही आधीच झालेली! मालकाला काय हवे होते असे विचारले तर उत्तरे थोड्याफार फरकाने सारखीच येतात.

भाडे ठरल्या तारखेला खात्यावर यावे. त्यातून काय कापले आणि कशासाठी, हे कागदावर दिसावे. दुरुस्ती लवकर व्हावी, पण मोठा खर्च विचारून व्हावा. करार कायद्याने पक्का असावा, म्हणजे उद्या घर अडकणार नाही. घर रिकामे राहू नये. आणि शेवटचे मागणे, जे सगळेच थोडे संकोचून सांगतात : फोन उचलावा आणि नीट बोलावे. आम्ही म्हणतो, संकोच कशाला? फी आपण देतो आहोत.

जुने धडे

ही मागणी आजची नाही. लंडनमध्ये १८६५ साली जॉन रस्किन या लेखकाने पॅराडाइज प्लेस नावाच्या गलिच्छ वस्तीतली तीन घरे विकत घेतली आणि ती सांभाळायला ऑक्टेव्हिया हिल या तरुण बाईंकडे दिली. गुंतवलेल्या पैशावर वर्षाला पाच टक्के सुटावेत एवढी त्यांची अपेक्षा होती. भाडेकरू अतिशय गरीब. हिलबाईंनी दर आठवड्याला स्वतः दारात जाऊन भाडे घ्यायला सुरुवात केली. थकबाकी चालू द्यायची नाही हा त्यांचा कडक नियम. पण त्याच फेरीत त्या गळके छप्पर, फुटकी काच, तुंबलेली मोरी पाहत आणि दुरुस्ती करून घेत. पाच टक्क्यांच्या वर जे उरे ते भाडेकरूंना हव्या असलेल्या सुधारणांवर खर्च होई. मालकाला त्याचे पाच टक्के मिळाले. ते पाहून दुसऱ्यांनीही आपली घरे त्यांच्याकडे दिली, आणि कामाला त्यांनी आणखी बायका तयार केल्या. घर सांभाळण्याच्या धंद्याची ही एक सुरुवात मानली जाते. भाडे आणि दुरुस्ती एकाच हाताने केली तर दोन्ही होतात, हा तिचा धडा.

मुंबईने आपल्याला उलटा धडा दिला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने कामगारांसाठी चाळी बांधल्या. परळच्या अशाच बीआयटी चाळीत १९१२ ते १९३४ बाबासाहेबांचे कुटुंब राहिले. मालक ट्रस्ट आणि कारभार पगारी माणसांकडे, अशी ती व्यवस्था. खासगी चाळींचे मात्र पुढे हाल झाले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. गरीब भाडेकरूला त्याचा आधार झाला, हे खरे. पण भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेना, मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली, पागडी वाढली आणि इमारती कोसळू लागल्या. शेवटी १९६९ मध्ये कायदा करून सरकारला इमारत दुरुस्ती मंडळ काढावे लागले. भाड्यातला दुरुस्तीचा भाग जो खातो तो घर खातो, मग तो मालक असो की सांभाळणारा.

वर्षाचा जमाखर्च

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि नोकरी कारकुनाची. त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. समजा, फ्लॅटचे भाडे महिना १०,००० रुपये आहे. वर्षात एक महिना घर रिकामे राहिले. कंपनीची फी मिळालेल्या भाड्याच्या ८ टक्के आणि नवा भाडेकरू आणल्याबद्दल अर्ध्या महिन्याचे भाडे, असे ठरले आहे. सोसायटीची देखभाल महिना १,२०० रुपये असून त्यातले १,००० रुपये सेवा शुल्काचे आहेत. आता वही उघडू.

जमा : अकरा महिन्यांचे भाडे १,१०,००० रुपये.

खर्च : कंपनीची फी ८,८००. तिच्यावर १८ टक्के जीएसटी १,५८४. नवा भाडेकरू आणल्याचे ५,०००. त्यावर जीएसटी ९००. सोसायटीची देखभाल १४,४००. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क १,२००. महापालिकेचा मिळकत कर ४,०००. रंग, नळ, वायरिंग ५,०००. एकूण खर्च ४०,८८४ रुपये.

शिल्लक : ६९,११६ रुपये. म्हणजे महिन्याला सरासरी ५,७६०.

हे आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत, प्रत्येकाने स्वतःचे घालावेत. पण पाटीवरचे दहा हजार हातात येईपर्यंत किती होतात हे घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून पाहावे. कर्जाचा हप्ता सहा हजारांचा असेल तर वरचे अडीचशे रुपये इथूनच घालावे लागतील, हेही त्यातून कळते.

वहीतल्या दोन नोंदींबद्दल थोडे सांगायला हवे. बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा १ ऑगस्ट २००१ चा राज्य शासनाचा निर्णय आहे. सोसायटी मनाला येईल तो आकडा लावत असेल तर कंपनीने मालकाच्या वतीने हरकत घ्यायला हवी. दुसरे आयकराचे. भाड्याच्या उत्पन्नातून मालकाने भरलेला मिळकत कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. कंपनीची फी आणि दुरुस्ती त्या ३० टक्क्यांतच धरलेली आहे, ती वेगळी दाखवता येत नाही. फी करातून वजा होते असे कोणी सांगत असेल तर त्याला नियम दाखवायला सांगावे.

आता खरी गोष्ट पाहू. कोणी म्हणेल, आठ टक्क्यांऐवजी सहा टक्के घेणारी कंपनी बघा. बघावी. पण त्यातून वर्षाला वाचतात जीएसटी धरून २,५९६ रुपये. घर एक महिना जास्त रिकामे राहिले तर फी वजा जाऊनही मालकाचे ९,०५६ रुपये बुडतात. त्याच महिन्यात कंपनीचे किती बुडतात? फक्त आठशे! शिवाय भाडेकरू बदलला की तिला नवे पाच हजार मिळतात. म्हणजे ज्या गोष्टीने मालक मरतो, त्या गोष्टीने कंपनीला खरचटतही नाही. मालकाला जुना, नीट राहणारा भाडेकरू टिकायला हवा असतो. कंपनीला तो गेला तरी चालते. म्हणून फीच्या टक्क्यापेक्षा फीच्या अटी नीट पाहाव्यात. घर रिकामे असताना फी नाही, त्याच भाडेकरूचा करार वाढवताना नव्याची फी नाही, आणि भाडेकरू सहा महिन्यांच्या आत गेला तर दुसरा आणून देण्याची वेगळी फी नाही. या तीन अटी करारात बसल्या की कंपनीचे आणि आपले हित बरेचसे एका ओळीत येते.

मालकाच्या नावावर नकार

घर रिकामे का राहते? भाडे जास्त सांगितले, जागा अस्वच्छ ठेवली, जाहिरात नीट केली नाही, ही कारणे आहेतच. पण एक कारण असे आहे की ते कोणत्याही हिशेबात लिहिलेले नसते.

आपल्याच भागातल्या एका निवृत्त गृहस्थांचा फ्लॅट शहरातल्या एका कंपनीकडे होता. अडीच महिने रिकामा. विचारले की उत्तर एकच, ‘काका, माणसे येतात, पण योग्य पार्टी मिळत नाही.’ शेवटी त्यांच्या मुलाने जाहिरातीतल्या नंबरवर भाडेकरू म्हणून फोन लावला. नोकरी विचारली, सांगितली. पगार विचारला, सांगितला. मग आडनाव विचारले. त्याने आपले खरे आडनाव सांगितले. पलीकडचा क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘माफ करा, मालकांना चालणार नाही.’ मालक शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होते!

वाचकांनी हे नीट लक्षात घ्यावे. त्या कार्यालयातल्या माणसाने नकार स्वतःच्या नावावर दिला नाही, मालकाच्या नावावर दिला. मालकाला न विचारता. नकारामुळे बुडालेले अडीच महिन्यांचे भाडे मात्र कंपनीच्या खात्यावर पडले नाही, मालकाच्याच पडले. ज्या माणसाने तरुणपणी स्वतः आडनावामुळे खोल्यांचे दरवाजे बंद होताना पाहिले, त्याच्याच दारावर त्याच्या नावाने तीच पाटी लागली होती आणि तिचे पैसेही तोच भरत होता.

परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ मध्ये बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले आणि जात कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या जमावामुळे तीही सोडावी लागली, हे आपल्या घरातल्या पोरांनाही ठाऊक आहे. त्याला शंभरावर वर्षे झाली. २०१५ मध्ये डॉ. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांचा दिल्ली व आसपासच्या भाड्याच्या घरांवरचा अभ्यास इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत छापून आला. वेगवेगळ्या समाजांच्या नावांनी घरमालकांकडे चौकशी केली, तेव्हा उच्चवर्णीय नावाचे स्वागत झाले, दलित नावाला कुठे नकार तर कुठे जादा अटी मिळाल्या, आणि मुसलमान नावाला त्याहूनही जास्त नकार आले. अर्ज, नोकरी, पगार सारखेच असून हे घडले.

कायद्याचे म्हणाल तर नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ चा आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला कोणत्याही वस्तीत राहती जागा घेण्यास किंवा तिच्यात राहण्यास अडथळा करणे त्याखाली गुन्हा आहे. पण फोनवरचा नकार ‘योग्य पार्टी नाही’ अशा गोड शब्दांत येतो, त्याचा पुरावा कुठून आणायचा? म्हणूनच मालकाने आपल्या बाजूने दार उघडे ठेवले पाहिजे. कंपनीकडे एक साधी गोष्ट मागावी. घर रिकामे असेल तितक्या काळात दर आठवड्याला चौकशीची यादी पाठवा. किती जणांनी विचारले, किती जणांनी घर पाहिले, कोणाला का नाही म्हटले. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी पुरेत. आणि करारात स्पष्ट लिहून घ्यावे की जात, धर्म, आडनाव, खाणे किंवा एकटी बाई या कारणांवरून मालकाच्या नावाने कोणालाही नकार देऊ नये. भाडेकरू निवडताना उत्पन्न, आधीच्या मालकाकडची चौकशी आणि पोलिसांकडे द्यायची माहिती, एवढे तपासले म्हणजे झाले.

हे आपल्यालाही लागू आहे. आपल्या घरी मुसलमान कुटुंब विचारायला आले, पारधी समाजातला शिपाई आला, ऊसतोड कुटुंबातली नर्सिंगला शिकणारी मुलगी आली, नवरा नसलेली अंगणवाडी सेविका आली, तर आपण कंपनीच्या माणसाला काय सांगणार? आपल्याला जे बोचले ते दुसऱ्याला टोचू नये. आणि चांगला भाडेकरू आडनावावरून ओळखता येत नाही, तो पावत्यांवरून ओळखतात.

कायदा कोणाच्या गळ्यात?

कंपनी नेमली म्हणजे आपली जबाबदारी संपली, असा एक गोड गैरसमज आहे. महाराष्ट्रात भाड्याचे व्यवहार महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे चालतात. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधी आपल्या मराठवाड्यात निजामाच्या मुलखातून आलेल्या हैदराबाद राज्याचा १९५४ चा वेगळा कायदा होता. आताच्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेला असलाच पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वाद झाला तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या मानल्या जातात. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हे वाक्य आपल्याकडे दलालांच्या तोंडी अजून असते. महाराष्ट्रात ते खोटे आहे.

नोंदणीला खर्च तरी किती? वरच्या उदाहरणात अनामत ३०,००० धरली तर अकरा महिन्यांचे भाडे आणि अनामतीवरचे १० टक्क्यांनी धरलेले व्याज मिळून १,१२,७५० रुपये होतात. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे सुमारे ३०० रुपये. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. हे काम ऑनलाइन होते, निबंधकाच्या कार्यालयात जावे लागत नाही, आधार क्रमांक आणि बोटाच्या ठशावर ओळख पटते. कोणी या कामाचे पाच-सहा हजार सांगितले तर सरकारी पावत्या मागाव्यात आणि वरचे पैसे कशाचे ते विचारावे.

नोंदलेल्या कराराचा मालकाला फायदाही मोठा आहे. मुदत संपूनही लायसन्सवर राहणाऱ्याने जागा सोडली नाही तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. पण भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडायचा अधिकार मालकाला नाही, कलम २९ त्याला मनाई करते. कंपनीच्या माणसाने भाडेकरूला धाक दाखवायला वीज तोडली तर कागदावर नाव मालकाचे येणार. भाडेकरूला पावती देणेही सक्तीचे आहे. म्हणून सांभाळणारा आपल्या नावाने काय करतो हे मालकाला माहीत असलेच पाहिजे.

केंद्र सरकारने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात घर सांभाळणाऱ्याची कामे लिहिली आहेत. पावती देऊन भाडे घेणे, मालकाच्या वतीने आवश्यक दुरुस्ती करणे, वेळोवेळी घर पाहणे, नोटिसा देणे, वाद मिटवायला मदत करणे. कर्तव्य चुकवणाऱ्याला दूर करण्याची किंवा त्याच्याकडून नुकसान भरून घेण्याची तरतूदही आहे. पण तो राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. महारेराची एजंट-नोंदणी आहे, तिचा रोख नोंदणीकृत प्रकल्पांतल्या खरेदी-विक्रीवर आहे. इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०१९ पासून भाड्याचे पैसे हाताळणाऱ्या एजंटांना त्या पैशांना संरक्षण देणाऱ्या योजनेत सामील व्हावेच लागते. आपल्याकडे मालकाचे संरक्षण म्हणजे मुख्यतः त्याने सही केलेला कागद. तो कागद चांगला असायला हवा.

कंपन्याही हात बदलतात. २०१५ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेली आणि घरे भाड्याने देण्या-सांभाळण्याच्या धंद्यात मोठे नाव कमावलेली नेस्टअवे ही कंपनी २०२३ मध्ये ऑरम प्रॉपटेकने सुमारे ९० कोटी रुपयांना विकत घेतली. कंपनी विकली जाणे हा गुन्हा नाही. पण आपली अनामत, किल्ल्या, भाडेकरूचे कागद ज्याच्याकडे आहेत तो उद्या दुसरा कोणी असू शकतो, हे धरून चालावे.

सहीआधी विचारायचे प्रश्न

हे प्रश्न वहीत उतरवून घ्यावेत आणि फोनवर नव्हे, लेखी उत्तर मागावे.

१. भाडे महिन्याच्या कोणत्या तारखेला माझ्या खात्यावर येईल? भाडेकरूने थेट माझ्या खात्यावर भरले आणि फी मी वेगळी दिली, तर चालेल का?

२. अनामत कोणाकडे राहील? ती मालकाच्या खात्यावर असावी आणि तिला हात लावू नये, कारण ती भाडेकरूची आहे.

३. दर महिन्याचा जमाखर्च बिलांसह मिळेल का?

४. किती रुपयांपर्यंतची दुरुस्ती न विचारता करणार? एक-दोन हजारांची मर्यादा घालून त्यावरच्या खर्चाला संमती ठेवावी. पाणी गळणे, वीज जाणे यांची दुरुस्ती किती तासांत?

५. घर वर्षातून किती वेळा पाहणार आणि फोटो पाठवणार? भाडेकरू येताना आणि जाताना सामानाची यादी व फोटो हवेतच.

६. मुखत्यारपत्र मागता, ते कशासाठी? करार नोंदवणे, भाडे घेणे, सोसायटीशी पत्रव्यवहार एवढ्यापुरतेच द्यावे. विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे हे शब्द त्यात असता कामा नयेत.

७. करार मोडायचा तर किती दिवसांची नोटीस, आणि त्या वेळी भाडेकरूचे कागद, किल्ल्या, अनामतीचा हिशेब किती दिवसांत परत?

८. भाडेकरूला नकार देताना मला कळवणार का?

आठवा प्रश्न विचारल्यावर पलीकडचा माणूस कसा बोलतो ते नीट ऐकावे. बाकीच्या सातांची उत्तरे छापील असतात.

घरातल्या बायकांनी हे कागद स्वतःजवळ ठेवावेत, असे आम्ही आवर्जून सांगतो. नवरा गेल्यावर फ्लॅट कोणाकडे दिला, भाडे कोणत्या खात्यावर येते, अनामत किती, हे पत्नीला ठाऊक नसल्याची उदाहरणे आहेत. एक फाइल करावी. त्यात खरेदीखत, मिळकत कराच्या पावत्या, सोसायटीची बिले, कंपनीचा करार, भाडेकरार आणि दर महिन्याचा जमाखर्च. दहावी-बारावीतल्या मुलीला महिन्याच्या दहा तारखेला वही लिहायला बसवावे. जमा एका बाजूला, खर्च एका बाजूला, आणि रिकामे दिवस लाल शाईने. तिला कॉमर्सला जायचे असेल तर यापेक्षा चांगला धडा नाही.

आणि करार वाचून घ्यायचा असेल तर सहीच्या आधी आणावा. सही झाल्यावर आणलेला कागद आम्हाला नुसताच वाचता येतो.